एका बैलाचं गाव

जेवणं उरकून आई सोफ्यावर पाय वर घेऊन लसूण सोलत बसली होती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून ‘मॅनर लॉर्ड्स’ खेळत होते. चौदाव्या शतकातला जर्मन मुलूख, तंबूत राहणारी पाच कुटुंबं आणि त्यांचं गाव वसवायची जबाबदारी माझी. हा खेळ दिसायला इतका देखणा आहे की पुष्कळदा मी काहीच न करता नुसती बघत बसते. पाऊस पडून गेला की वाटा काळ्याशार होतात, छपरांवरून धूर रेंगाळतो, शेळ्या कुंपणाशी गोळा होतात. त्या रात्री जंगलातून एक बैल साखळीला बांधलेला ओंडका ओढत येत होता. आईचं लक्ष पडद्याकडे आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. “बैल एकच?” तिने विचारलं. मी सांगितलं, सुरुवातीला एकच मिळतो, पैसे जमले की आणखी घेता येतात. “छकड्याला चालतो एक. ह्या ओंडक्याला? जोड कुठाय त्याची?” एवढं बोलून ती पुन्हा लसणाकडे वळली. मी खेळत राहिले, घरं उठत गेली, पण मला आता त्या गावात तो बैलच दिसत होता. सगळ्या गावाचं लाकूड एकट्याने वाहणारा. कुणाचा आहे तो? वैरण कोण टाकतं? लंगडा झाला तर शेजारच्याचा मागायला कोण जाणार?

आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. भीमेकाठचं काळं रान, हरळी-कुंद्याने धरलं की साध्या औताला दाद न देणारं. खोल नांगरट करायची तर लोखंडी नांगराला आठ बैल जुंपायचे, चार जोड्या एकापुढे एक. आठ बैल दावणीला असणं ही वाड्यातल्या लोकांची गोष्ट. आजोबांकडे एक जोडी. बाकीचे बैल वारंगुळ्याने यायचे, आज तुमच्या रानात, परवा आमच्या. कधी इर्जिक घातली की राबणाऱ्या सगळ्यांना जेवण, आणि त्या स्वयंपाकात घरातल्या बायकांचा दिवस जायचा. पुढच्या जुवांवर पोरं बसायची, बैल हाकायला. मोठ्या मामाने ते काम केलेलं आहे. आई ह्या दिवसांबद्दल मुळीच हळवी नाही. मी एकदा “किती छान ना, सगळे एकमेकांना मदत करायचे,” असं काहीतरी बोलले होते, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. “छान कसलं? ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्याच दारात बैलासाठी उभं राहावं लागायचं. आणि तो मुद्दाम चहाला बसवून घ्यायचा.”

तो चहा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मजा म्हणजे इंग्लंडातल्या मध्ययुगीन शेतीचं वाचायला घेतलं की तिथेही हेच आठ बैल भेटतात. १०८६ साली राजा विल्यमने सगळ्या मुलखाची मोजदाद करवली, ती डूम्सडे बुक म्हणून ओळखली जाते. त्यात गावोगावचे नांगर मोजलेले आहेत आणि एक नांगर म्हणजे आठ बैल असा हिशेब धरलेला आहे. जमिनीचं एक मापच असं होतं की एका नांगराच्या जमिनीचा आठवा हिस्सा, म्हणजे एका बैलाच्या वाट्याची जमीन. प्रत्यक्षात सगळीकडे आठच जुंपत असतील असं नाही. लिंकनशायरमधल्या एका उमरावासाठी १३२५ ते १३४० च्या सुमारास चितारलेल्या लट्रेल साल्टर ह्या प्रार्थनापोथीत नांगराला चारच बैल आहेत, मागे नांगऱ्या आणि बाजूला लांब आसूड उगारलेला माणूस. पण औत लांबलचक असे, आणि त्याची खूण जमिनीवर अजून आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, ज्या रानांवर नंतर कुरणं झाली आणि पुन्हा नांगर फिरला नाही, तिथे ऊन कललं की गवताखालचे सरी-वरंबे सावल्यांनी उठून दिसतात. ते सरळ नाहीत. उलट्या एस अक्षरासारखे वळलेले आहेत. एवढं लांब औत बांधापाशी जाऊन एकदम वळत नाही, त्याला आधीपासूनच वळवत आणावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या ते तसं वळत राहिलं आणि रानाला बाक आला.

त्याहून जुना एक संवाद आहे. साधारण इसवी सन १००० च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या एका इंग्रज भिक्षूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवायला तो लिहिला. गुरुजी विचारतात, वेगवेगळ्या धंद्यांची माणसं उत्तरं देतात. नांगऱ्या सांगतो की पहाट फुटली की बाहेर पडावं लागतं, कितीही कडाक्याची थंडी असली तरी धन्याच्या भीतीने घरी बसता येत नाही. जोडीला कुणी आहे का, असं विचारल्यावर तो म्हणतो, एक पोरगा आहे, पराणीने बैल हाकतो, थंडीने आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय. धडा व्याकरणाचा, नांगऱ्याही कदाचित मठातल्या कुणा पोराने वठवलेला, आणि तरी त्या बसलेल्या घशाचं पोरगं हजार वर्षांनंतरही ऐकू येतं. गेमच्या ध्वनिसंयोजनात पाखरं असतात, पाणचक्की असते, लोहाराचा घण असतो. हे पोरगं मी कुठल्याच खेळात ऐकलेलं नाही.

पूर्ण औत स्वतःचं असलेली कुळं थोडी. बाकीच्यांनी एकेक-दोनदोन बैल एकत्र आणून नांगरणी करायची, म्हणजे आपला वारंगुळाच. ह्यातून भांडणं होणार हे आईला न वाचता ठाऊक आहे. इतिहासकारांना ते जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरांतून कळलं. इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकातली अशी दप्तरं ढिगाने उरली आहेत, लॅटिनमध्ये, चामड्याच्या गुंडाळ्यांवर. कुणाची गुरं कुणाच्या पिकात शिरली, कुणी शेजाऱ्याचा तास आपल्या पट्टीत ओढून घेतला, कुणी उसने घेतलेले पैसे बुडवले, कुणी सुगीनंतर हक्क नसताना सरवा वेचला, कुठल्या बाईने विकायला एल नावाची बिअर गाळली आणि ठरल्या मापाची दिली नाही. दर नोंदीपुढे दंड. बायकांनी गाळलेल्या एलचे दंड इतके नियमाने येतात की त्यांना दंड म्हणावं की परवान्याची फी, असा प्रश्न पडतो. आणि कुळाचा कर्ता पुरुष वारला की धन्याचा माणूस येऊन गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर घेऊन जाई. तो धन्याचा हक्क. त्यानंतरचं चांगलं जनावर पुष्कळ ठिकाणी चर्चला जाई. घरात दुखवटा, आणि गोठ्यात निवड चाललेली.

मॅनर लॉर्ड्समध्ये हा धनी कोण, तर मी. नावातच आहे. कुटुंबांवर कर बसवायचा, दशमांश उचलायचा, कुणाला कुठल्या कामाला लावायचं ते ठरवायचं. वरून, ढगांच्या खालून, मी गाव बघते. एक सोय अशीही आहे की खाली उतरून आपल्याच गावाच्या रस्त्यांवरून चालता येतं. झूल घालून मी मिरवत जाते, कोंबड्या बाजूला होतात, पण चालण्यापलीकडे तिथे फारसं काही करता येत नाही. ह्याबद्दल पूर्वी मला काही वाटायचं नाही. आता वाटतं की खेळाचा हा कोन आणि त्या चामड्याच्या गुंडाळ्यांचा कोन एकच आहे. दप्तरंही धन्याच्या कारकुनाने लिहिली, धन्याचं येणं वसूल व्हावं म्हणून. फरक एवढाच की अभ्यासक त्या कारकुनाच्या खांद्यावरून वाकून पलीकडे बघायची धडपड करतात, त्याला ज्याच्याशी कर्तव्य नव्हतं ते शोधतात. खेळ कारकुनाच्याच खुर्चीत बसवतो, आणि ती खुर्ची मऊ असते हे कबूल.

ह्या खुर्चीची सवय मला फार लवकर लागली. दहावीनंतरच्या सुट्टीत दादा मला सायबर कॅफेत घेऊन गेला. लोखंडी शटर अर्धं ओढलेलं, आत ट्यूबलाइट, कूलरचा ओला वास, आणि सहा-सात पोरं एकमेकांच्या किल्ल्यांवर ‘एज ऑफ एम्पायर्स’चे हत्ती घालताहेत. मी तिथली एकटीच मुलगी. १९९९ साली आलेला तो दुसरा भाग, मध्ययुगाचा. मला लढाईत रस नव्हता. मी आपली शेतं मांडत बसायची, चक्कीभोवती नीट चौकोनात, आणि दादा ओरडायचा की घोडेस्वार कधी काढणार. त्या खेळात शेत लाकडाचं होतं, ६० लाकूड दिलं की शेत तयार, त्यातून १७५ अन्न. संपलं की पुन्हा ६० लाकूड. बियाणं हा प्रकारच नाही. खऱ्या इंग्लंडात गव्हाचं एक माप पेरलं तर तीन-चार मापं हाती यायची, तीही साल बरं असेल तर, आणि त्यातलं एक लगेच पुढच्या पेऱ्यासाठी बाजूला काढून ठेवावं लागायचं. १३१५ च्या वसंतापासून पावसाने उसंत दिली नाही, पेरलेलं कुजलं, वैरण वाळेना, ऊन नाही म्हणून मीठसुद्धा पिकेना. तेव्हा उत्तर युरोपात घरोघरी एकच प्रश्न होता, बियाण्याचं पोतं सोडायचं की नाही. १३१७ पर्यंत ते चाललं. भुकेल्या घरातलं ते बांधलेलं पोतं मला खेळात हवं आहे, असं म्हणताना मला हसूही येतं. कारण सोळाव्या वर्षी मला ते नकोच होतं. मला चौकोनी शेतं हवी होती.

त्याच चक्कीत संशोधनाची तीन बटणं होती. घोड्याचा खांदेपट्टा, जड नांगर, पिकांची फेरपालट. एकेक दाबलं की शेतातलं अन्न ७५ ने, १२५ ने, १७५ ने वाढायचं. पुढे कधीतरी लिन व्हाइट ह्या अमेरिकन इतिहासकाराची १९६२ सालची मांडणी वाचनात आली आणि मी चमकले, कारण तीच तीन बटणं तिथे होती. उत्तर युरोपातल्या चिकण जमिनीत माती उलथवणारा जड नांगर आला, घोड्याच्या मानेऐवजी खांद्यावर भार टाकणारा पट्टा आला, तीन वर्षांची फेरपालट आली, आणि त्यातून अन्न वाढलं, माणसं वाढली, शहरं वाढली. मांडणी झपाटून टाकणारी होती. लगेच पुढच्या वर्षी हिल्टन आणि सॉयर ह्या दोघा इंग्रज इतिहासकारांनी तिच्यावर कडाडून टीका केली की अवजार आलं म्हणून समाज बदलला असं होत नसतं. नांगर कुणाचा, बैल कुणाचे, पीक कुणाच्या कोठारात जाणार, हे आधी विचारा. हा वाद काही मिटलेला नाही. गेमला मात्र बटण लागतं, आणि अवजाराचं बटण करता येतं. शेजाऱ्याच्या मर्जीचं बटण कसं करणार?

एजमधल्या माणसांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा खटकली नव्हती. ती नगरभवनाच्या दारातून धडधाकट बाहेर पडतात, ५० अन्नाला एक. म्हातारी होत नाहीत. झोपत नाहीत, कारण रात्रच होत नाही. पोरं नाहीत. ज्या काळात जन्मलेल्यांपैकी कितीतरी लेकरं पाच वर्षांची व्हायच्या आतच जायची, तरीही गावात जिकडेतिकडे पोरंच पोरं असणार, त्या काळाच्या गावात एक रडणारं तान्हं नाही.

तान्ही कुठे सापडतात, तर पंचनाम्यांत. इंग्लंडात कुणी अपघाताने किंवा मारहाणीत मेलं की राजाचा कॉरोनर येई, आसपासच्या गावांतली माणसं बोलावून शपथेवर विचारी आणि लिहून घेई. बार्बरा हॅनावॉल्ट ह्या इतिहासकार बाईंनी असे चौदाव्या शतकातले पंचनामे शेकड्यांनी वाचले. त्यांना मरण शोधायचं नव्हतं. मरणाच्या आधीच्या घडीला माणूस काय करत होता ते शोधायचं होतं. बाई विहिरीवर पाणी शेंदताना तोल जाऊन पडली, म्हणजे पाणी बायका आणायच्या. बाप्ये गाडीखाली, गंजीवरून, झाडावरून पडून गेले, म्हणजे त्यांचा दिवस तिकडे जायचा. आणि पाळण्यातली लेकरं आगीने. जमिनीवरच्या उघड्या चुलीशेजारी ऊब म्हणून पाळणा ठेवलेला, आई शेतात किंवा विहिरीवर, घरात कोंबडी नाहीतर डुक्कर शिरतं, निखारा उडतो, पेंढा पेटतो. थोडी मोठी झालेली पोरं खड्ड्यात, ओढ्यात. लक्ष ठेवायला कोण होतं ह्याची चौकशी झालेली असते आणि पुष्कळदा उत्तर येतं, त्या लेकराहून थोडी मोठी बहीण. ज्या वस्तूमुळे जीव गेला तिची किंमतही नोंदलेली असते, गाडी, घोडा, पाण्याचं भांडं, कारण ती वस्तू राजाकडे जमा व्हायची. एवढं वाचून मी ‘किंगडम कम’ हा मध्ययुगावरचाच खेळ लावला आणि पहिल्याच वळणावर तीन दरोडेखोरांना उभं कापलं. मारामाऱ्या, सुरे, खून पंचनाम्यांतही आहेत, आणि कमी नाहीत. पण मध्ययुगातलं मरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यात पाण्याची घागर नसते.

‘किंगडम कम’बद्दल मात्र मी आकसाने लिहिणार नाही, माझा तो फार लाडका खेळ आहे. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा, २०१८ सालचा. १४०३ सालचा बोहेमिया, राजा चौथा वेन्सेस्लास आणि त्याचा भाऊ सिगिस्मुंड ह्यांच्या भाऊबंदकीत लुटलं गेलेलं स्कालित्झ, तिथल्या लोहाराचा मुलगा हेन्री. ह्या पोराला वाचता येत नाही, आणि खेळ ते नुसतं सांगून सोडत नाही. पोथी उघडली की अक्षरं उलटीपालटी होऊन समोर येतात, शब्द लागत नाही, आणि लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावरही सुरुवातीला अडखळतच वाचता येतं. मला पहिलीतली ती भीती परत आठवली. अंगावर चिखल आणि रक्त असेल तर लोक नीट बोलत नाहीत, म्हणून न्हाणीघरात जावं लागतं, आणि इथे खेळ नेहमीच्या ‘मध्ययुगात कुणी अंघोळच करायचं नाही’ ह्या थापेपेक्षा अभ्यासाच्या जवळ आहे. मध्य युरोपातल्या गावागावांत न्हाणीघरं होती. खुद्द वेन्सेस्लाससाठी तयार झालेल्या बायबलच्या पानांच्या कडांवर हातात बादली आणि पाल्याची जुडी घेतलेल्या न्हाणीघरातल्या पोरी चितारलेल्या आहेत, राजाच्या आसपास, अगदी निःसंकोच. चिलखताखाली जाड भरलेला डगला, त्यावर कड्यांचं जाळं, त्यावर पत्रा, हा क्रमही नीट पाळलाय.

पण गोष्टीची सुरुवात बघा. पहिल्या तासा-दोन तासांत हेन्रीचं गाव जळतं आणि आईबाप मारले जातात. त्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. जिवंत बापाचा लोहारपुत्र भात्यापाशी बसला असता. जळलेल्या गावाचा पोरगा वाटेल तिथे हिंडायला मोकळा. मध्ययुगावरचे पुष्कळ खेळ नायकाला असाच अनाथ, परका, निर्वासित करून घेतात. म्हणजे ज्या काळातला माणूस आईबाप, धनी, चर्च, शेजारी, उसनवारी ह्यांच्या जाळ्यात जन्मत होता, त्या काळात शिरायचं तिकीट म्हणजे आधी ते जाळं जाळून टाकणं. ‘ऐतिहासिक अचूकता’ ह्या विषयावर खेळणारी मंडळी रात्ररात्र भांडतात. बक्कल कुठल्या दशकातली, बोहेमियात कुठल्या रंगाची माणसं असू शकत होती, बाईच्या हातात तलवार शोभते का. ह्यातल्या निम्म्या भांडणांना इतिहासाशी काही देणंघेणं नसतं, आजचं उट्टं काढायचं असतं. हेन्रीवर कुणाचं देणं आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्याकडे शिवकाळावर असा मोठा खेळ निघाला तर काय होईल ह्याचा मी कधीकधी विचार करते. गडाचा प्रत्येक दगड मोजून मापून उभा राहील, भाल्याचं पातं संग्रहालयातून उचललेलं असेल, घोड्याच्या आयाळीत वारा खेळेल. आणि पाटीलकीच्या वादात गोतसभा बसलीय, बलुतेदार साक्षीला आलेत, जुन्या माणसांना विचारून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जातोय, ह्याला कुणी पैसा लावणार नाही. खरं तर मोडीतले ते महजर म्हणजे भांडणांची खाणच आहे. इंग्लंडात काय किंवा इथे काय, शेतकरी कागदावर येतो तो बहुधा कुणाशी तरी तंटा झाला म्हणूनच.

किंवा कुणाला संशय आला म्हणून. पिरेनीजच्या डोंगरात माँतायू नावाचं एक खेडं आहे. पामियेचा बिशप जाक फूर्निये ह्याने १३१८ ते १३२५ ह्या काळात तिथल्या पाखंड्यांची कसून चौकशी केली, मेंढपाळांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. पुढे हाच बिशप पोप झाला, त्याच्या वह्या व्हॅटिकनमध्ये पोचल्या आणि टिकल्या. १९७५ साली ल रॉय लादुरी ह्या फ्रेंच इतिहासकाराने त्यातून ते गावच्या गाव उभं केलं. त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते उवा काढण्याचं वर्णन. उन्हाला घराच्या बुटक्या छपरावर नाहीतर दारात बसून बायका एकमेकींच्या, पोरांच्या, आयांच्या, यारांच्या डोक्यातल्या उवा काढतात आणि बोलत राहतात. कोण कुणाच्या उवा काढतं ह्यावरून नाती कळतात. गावचा पाद्री प्येर क्लेर्ग आपल्या प्रेमपात्रांकडून उवा काढून घ्यायचा, त्यांत एक चांगली सरदार घराण्यातली विधवा होती. आत्मा, स्वर्ग, पाखंडी साधूंची थोरवी, असल्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टी ह्याच वेळी निघायच्या. चौकशी करणाऱ्याला हवं होतं ते पाखंड, लिहिता लिहिता उवाही लिहिल्या गेल्या. आता ह्याचा खेळ करायचा म्हटलं तर काय कराल? ‘उवा काढा’ असं बटण, वर मैत्री अधिक पाच?

तरी एकाने जवळपास केलंय. ‘पेंटिमेंट’ नावाचा २०२२ सालचा खेळ, ऑब्सिडियनचा, जॉश सॉयरने दिग्दर्शित केलेला. सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं एक कल्पित गाव आणि त्याला लागून मठ. काळ मध्ययुगाच्या उंबऱ्यावरचा. नायक चित्रकार, इथेही परगावचाच. पण तो त्याच गावात पंचवीसेक वर्षांच्या अवधीत पुन्हा येतो, आणि मधल्या काळात पोरं बाप्ये झालेली असतात, म्हातारी गेलेली असते, पूर्वी तो काय बोलला ते लोकांच्या ध्यानात असतं. ह्या खेळात तलवार चालवायची नाही. जेवायचं. कुणाच्या घरी कुठल्या दिवशी जेवायला बसायचं ते ठरवायचं, आणि पानात काय आहे ह्यावरूनच त्या घराचं वर्ष कसं गेलं ते कळतं. माणसं बोलतात ती अक्षरं लिहिली जाताना दिसतात, भिक्षूंची मठातल्या वळणाची, शेतकऱ्यांची ओबडधोबड, छापखानेवाल्याची खिळे जुळवल्यासारखी; मध्येच चुकतात, खोडून दुरुस्त होतात. शेवटी श्रेयनामावलीत चक्क संदर्भग्रंथांची यादी आहे. त्यात सगळं खरंच आहे असं माझं म्हणणं नाही, रहस्यकथेसाठी त्यानेही सोयीने घेतलंय. पण तिथे मला पहिल्यांदा कुणाच्या तरी घरातून उठताना आपण त्यांचं काही लागतो असं वाटलं.

तेवढंच एकदा ‘किंगडम कम’मध्येही वाटलं होतं, साझावाच्या बेनेडिक्टीन मठात. कथानकाच्या ओघात हेन्रीला एक माणूस शोधायला नवशिक्या भिक्षू बनून तिथे राहावं लागतं. चिलखत काढून घेतात, तलवार काढून घेतात, पेटीही रिकामी करतात. पहाटे उठायचं, प्रार्थनेला उभं राहायचं, ठरल्या वेळी जेवायचं, नेमून दिलेलं काम करायचं, झोपायचं. जिथे असायला हवं तिथे नसलात तर सर्केटर, म्हणजे मठात फेऱ्या मारून शिस्त राखणारा भिक्षू, पकडतो. हे पद खऱ्या मठांतही होतं. बहुतेक खेळाडू ह्या भागाला शिव्या घालतात. कंटाळवाणा, लांबलेला, हातपाय बांधणारा. लवकरात लवकर कसं सुटावं ह्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओच्या व्हिडिओ निघाले आहेत. मी मात्र तिथे गरजेपेक्षा बरीच जास्त राहिले. काम झालं होतं, माणूस सापडला होता, तरी दुसऱ्या दिवशी घंटा झाली की हेन्रीला उठवून प्रार्थनेला नेत होते, शेजारच्या भिक्षूच्या बाजूला उभं करत होते. मग एका रात्री भूक लागली म्हणून स्वयंपाकघराकडे निघाले, तर वाटेतच सर्केटरने धरलं. ऐकून घेतलं नाही. कोठडीत टाकलं, आणि तिथून सुटल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर फाटकाबाहेर पडून माझा घोडा गाठला.